लाईन बदलली, आता बॅटरी आपली



येत्या सर्वसाधारण सभेत एक विषय आहे. बर्फ फॅक्टरीकडच्या जुन्या लँडलाईनचे काय करायचे? विषयपत्रिकेत तो शेवटून दुसरा आहे, आणि तोपर्यंत अर्धी सभा उठून गेलेली असते हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे. म्हणून आमचे मत आधीच इथे मांडतो. वाचा, पटले नाही तर सभेत येऊन भांडा. पण वाचा.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो.

ऑफिसातली लँडलाईन आपण गेल्या जूनमध्ये, बंदीच्या काळात, फायबरवर नेली. नंबर तोच राहिला. आवाज स्वच्छ झाला, ऑफिसात वायफाय आले, बिलही आटोक्यात राहिले. सगळे खूश. आम्हीही खूश. १ ऑगस्टला बोटी दर्यात उतरल्या, तेव्हा प्रत्येक केबिनच्या दारावर तोच जुना नंबर रंगवलेला होता. ०८३२ पासून पुढचा. कित्येक तांडेलांना तो स्वतःच्या मोबाईल नंबरापेक्षा जास्त पाठ आहे.

सप्टेंबरातल्या एका रात्री साडेआठच्या सुमारास गडगडाट सुरू झाला आणि वीज गेली. गोव्यात गडगडाट आणि वीज यांचे काय नाते आहे ते सांगायला नको. त्याच वेळी आपला एक ट्रॉलर परत येत होता. पंख्यात जाळे अडकले, इंजिन बंद. वर सात माणसे. नांगर टाकला, पण तो धरत नव्हता. वारा बोटीला खडकांकडे ढकलत होता. वायरलेस सेट होता, पण त्याचा माइक बिघडून महिना झालेला. तांडेलाने मालकाला व्हॉट्सॲपवर कॉल लावला. स्क्रीनवर नुसते फिरत राहिले. मालकाच्या घरचे वायफाय विजेबरोबर गेले होते, आणि समुद्रावर नेट मिळत होते ते नावापुरते. मग त्याने ऑफिसचा नंबर लावला. लागेना. परत लावला. लागेना.

त्या वेळी आपला वॉचमन त्या फोनपासून दोन हातांवर अंधारात बसला होता. फोन वाजलाच नाही. वाजणार कसा? मोडेमला वीज नव्हती.

शेवटी एका खलाशाच्या साध्या बटणांच्या फोनवरून तांडेलाच्या बायकोला मेसेज गेला, ‘पंखा अडकला, ऑफिसला सांग’. व्हॉट्सॲपचा नव्हे, साधा एसएमएस. ती बाय टॉर्च घेऊन पावसात जेटीपर्यंत चालत आली आणि वॉचमनला तिने उठवले. दोन बोटी गेल्या, दोर टाकला, रात्री एक वाजता सगळे धक्क्याला लागले. सातही जण सुखरूप. देवाची कृपा.

पण तासभर वाया गेला, आणि तो आमच्यामुळे गेला. फायबर घेताना बॅटरीचा विचार आम्ही केला नाही. बसवायला आलेल्या मुलाने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. हजार-दीड हजाराची वस्तू. बोटीचे, मालकाचे नाव इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

जुन्या फोनला वीज कुठून यायची?

हा प्रश्न आम्हालाही त्या रात्रीपर्यंत कधी पडला नव्हता. जुन्या लँडलाईनला आपण कधी प्लग लावला? कधीच नाही. भिंतीतून दोन तारा यायच्या, त्या डब्याला जोडायच्या, झाले. वीज त्या दोन तारांतूनच यायची. टेलिफोन एक्सचेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्यांची रांग असते, तिथून ४८ व्होल्टचा करंट तांब्याच्या तारेतून थेट आपल्या घरापर्यंत येतो. गावात वीज गेली तरी एक्सचेंजची बॅटरी चालू, बॅटरी उतरायला लागली तर जनरेटर चालू. म्हणून वादळाच्या रात्री दिवे नसायचे, पण रिसिव्हर उचलला की कानात ‘टूं’ आवाज यायचा.

फायबर म्हणजे काचेची तार. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. आवाजाचे तुकडे करून ते इंटरनेटसारखे पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा जोडायचे, हे काम मोडेम करतो. त्याला वीज लागते ती आपल्या घरच्या प्लगमधून. म्हणजे जी बॅटरी आधी एक्सचेंजमध्ये होती आणि जिची काळजी तिथले कर्मचारी घ्यायचे, ती आता आपल्या घरी आली. बॅटरी आली म्हणणेही चूक. बॅटरीची जागा आली, बॅटरी आपण आणायची आहे.

आमचे सगळे म्हणणे एवढेच आहे. बाकीचे खाली सविस्तर.

तांबेच ठेवा म्हणणाऱ्यांना

सभेत काही जुनेजाणते काका उठून म्हणतील, ‘बघा, आम्ही सांगत होतो, जुने ते सोने. दुसरी लाईन हलवू नका.’ काकांनो, तुमचा मान ठेवून सांगतो, आपण थोडे विसरतो आहोत. पावसाळ्यात त्या लाईनीत किती कडकड यायची? पहिल्या पावसात फोन बंद आणि चवथीला लाईनमन, असे किती वर्षे चालले? समुद्राच्या खाऱ्या हवेत तांब्याचे जोड गंजतात. एक जोड गेला की अख्ख्या वाड्याचे फोन मुके. रस्ता खोदला की केबल तुटली. तौक्ते वादळ १६ मे २०२१ रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे आणि विजेचे खांब पडले, त्यांच्याबरोबर टेलिफोनच्या तारा पण लोळल्या. एक्सचेंजमध्ये बॅटरी असून उपयोग काय, मधली तारच नाही तर?

आणि तांब्याची लाईन दुरुस्त करणारा माणूस आता मिळत नाही. जुने लाईनमन निवृत्त झाले. नवीन केबल कोणी टाकत नाही. बर्फ फॅक्टरीकडची लाईन या वर्षात तीनदा बंद पडली आणि प्रत्येक वेळी ‘फायबर का घेत नाही’ हेच ऐकावे लागले. आज ना उद्या ती जाणारच. आपण धरून बसलो तर आपल्या सोयीच्या वेळी न जाता नेमकी ऐन सीझनमध्ये जाईल.

फोनच नको म्हणणाऱ्यांना

दुसरीकडे आपली तरुण मुले आहेत. त्यांचे म्हणणे, ‘दोन्ही लाईनी बंद करा, भाडे वाचवा. सगळ्यांकडे मोबाईल आहे, ग्रुप आहे.’

खरे आहे, आणि इंटरनेटच्या कॉलने आपले भले केले हेही खरे आहे. आपल्या बोटींवरचे खलाशी ओडिशाचे, झारखंडचे, कर्नाटकाचे. एक काळ असा होता की धक्क्याला लागल्यावर ही मुले पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रांग लावायची आणि डोळा मीटरवर ठेवून बोलायची. आज तोच मुलगा जाळे विणता विणता बाळाचे तोंड बघतो. जहाजावर गेलेल्या मुलाची आई त्याच्याशी फुकट बोलते. मासळीचा फोटो व्यापाऱ्याला जातो, भाव जेटीला लागण्याआधी कळतो. हे कोणी परत देणार नाही, देऊही नये.

पण तीन गोष्टी ध्यानात घ्या.

एक. व्हॉट्सॲपवरून ११२ लागत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ लागत नाही, किनारी पोलिसांचा १०९३ लागत नाही. ते ॲप एका ॲपवाल्याला दुसऱ्या ॲपवाल्याशी जोडते, टेलिफोनच्या जाळ्याशी नाही. इंटरनेटवरून साध्या नंबरांना फोन लावून देणारी परवानाधारक सेवा वेगळी, तिला आपल्याकडे २०१८ साली मोकळीक मिळाली. त्या वेळीसुद्धा ट्रायने आपल्या शिफारशींत असेच म्हटले होते की आपत्कालीन नंबरांची सोय देण्याला उत्तेजन द्यावे पण तूर्त सक्ती नको, आणि मर्यादा काय आहेत ते ग्राहकाला सांगावे. ते सांगणे आपल्यापर्यंत कधी पोचले का, तुम्हीच सांगा.

दोन. ॲप हे कोणाचे तरी दुकान आहे, कधी शटर पाडेल सांगता येत नाही. जहाजावरच्या मुलांशी बोलायला आपल्या कित्येक आयांनी आधी स्काईप शिकून घेतले होते. मे २०२५ मध्ये स्काईप बंद झाले. दुबईत राहणाऱ्यांना विचारा, तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातो पण कॉल अडवलेला आहे, वेगळे ॲप घ्यावे लागते. टेलिफोनचा नंबर मात्र कुठल्याही फोनवरून, कुठल्याही कंपनीवरून लागतो. केबिनच्या दारावर रंगवायचा तो असा नंबर हवा.

तीन. मोबाईल माणसाचा असतो, ऑफिसचा फोन जागेचा असतो. सेक्रेटरी बदलतो, आजारी पडतो, लग्नाला कारवारला जातो, त्याच्या मोबाईलची बॅटरी संपते. जेटीवरच्या फोनजवळ मात्र रात्री कोणीतरी असायला हवे आणि असते. रात्री दोन वाजता समुद्रावरून येणारा कॉल एका माणसाच्या खिशात सोडणे बरोबर नाही. तो माणूस आम्ही असलो तरी.

आणखी एक, बोटीवरच्यांसाठी. समुद्रावर रेंज अंधुक असते तेव्हा इंटरनेटचा कॉल सगळ्यात आधी मरतो, साधा कॉल त्यानंतर, आणि एसएमएस शेवटपर्यंत धडपडतो. त्या रात्री हेच घडले. संकटात व्हॉट्सॲपवर दहा मिनिटे घालवू नका. आधी साधा कॉल, नाही लागला तर लगेच एसएमएस. मेसेजमध्ये बोटीचे नाव, जीपीएसचे आकडे, माणसे किती, काय झाले. बस्स.

दुसरीकडे काय करतात

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. आपल्या गोव्याची बरीच कुटुंबे इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतात, त्यांना विचारून बघा. तिथे तर सगळ्या देशाच्या जुन्या लाईनी बंद करून फोन इंटरनेटवर नेताहेत. आधी मुदत डिसेंबर २०२५ ची होती, ती जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. कारण काय? एकटी राहणारी म्हातारी माणसे गळ्यात एक बटण घालतात, पडली-झडली की ते दाबायचे आणि मदतीचा फोन जातो. ती बटणे जुन्या लाईनीवर चालायची. नव्यावर काही जणांची चालेनात, तेव्हा सरकार जागे झाले. तिथला नियम असा, की ज्या ग्राहकाला घरच्या फोनशिवाय दुसरा मार्ग नाही, त्याला वीज गेल्यावर निदान एक तास आपत्कालीन फोन लावता येईल अशी सोय कंपनीने फुकट द्यायची.

आपल्याकडे अशी सोय कोणी दारात आणून देईल याची वाट बघण्यात अर्थ नाही. पण मागायला काय हरकत? मच्छीमार खात्याकडे आणि फोन कंपनीकडे आपण लेखी मागणी करू या, की जेटीवरचा फोन हा दुकानातल्या फोनसारखा धरू नका.

आमचा प्रस्ताव

बर्फ फॅक्टरीकडची लाईनही फायबरवर न्यावी, असे आमचे मत आहे. पण या अटींवर:

१. मोडेमला बॅटरी आधी, लाईन नंतर. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास धरतो. ऑफिसात मात्र तेवढ्याने भागणार नाही. तिथे १२ व्होल्टची मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर हवा, आणि त्यावर फक्त मोडेम, वायरलेसचा बेस सेट आणि एक दिवा. पंखा नाही, टीव्ही नाही, कोणाचा मोबाईल चार्जिंगला नाही. एवढ्यावर एक अख्खी रात्र आणि वर दुसरा दिवस निघतो. बोटीची बॅटरी उतरली तर इंजिन लागत नाही, हे आपल्यात कोणाला शिकवावे लागत नाही. तोच हिशेब इथे.

२. कंपनीला लेखी विचारायचे: वाटेत वीज लागणारे डबे कुठे कुठे आहेत, आणि त्यांची बॅटरी किती तास चालते? आपली बॅटरी भरलेली आणि नाक्यावरच्या डब्याची रिकामी, असे झाले तर फोन मुकाच. उत्तर मिळाल्याशिवाय जुनी लाईन सोडायची नाही.

३. नंबर तोच ठेवायचा. अर्जातच लिहून घ्यायचे.

४. दोन कंपन्यांची दोन सिमे आणि एक साधा बटणांचा फोन ऑफिसात, साखळीला बांधून. वादळात एका कंपनीचा टॉवर पडला तर दुसऱ्याचा राहील कदाचित. टॉवरलाही बॅटरीच असते आणि तीही काही तासांनी संपते, हे तौक्तेच्या वेळी आपण बघितले.

५. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ऑफिसचा मेन स्विच पाडायचा आणि बाहेरून फोन लावून बघायचा. वाजला तर वहीत सही, नाही वाजला तर त्याच दिवशी दुरुस्ती. लाईन बदलल्यावर ११२, १५५४ आणि १०९३ लागतात का तेही बघायचे. दिवसा, शांत वेळी, ‘सोसायटीतून चाचणी करतो’ असे आधी सांगून. उगाच कोणी गंमत म्हणून लावू नये.

६. केबिनच्या दारावर आपल्या नंबराखाली १५५४ आणि १०९३ रंगवायचे. त्या रात्री तांडेलाला १५५४ पाठ असता तर ऑफिसच्या फोनवर एवढे अवलंबून राहावे लागले नसते. रंगाचा खर्च सोसायटी करेल.

७. वायरलेस सेट चालू नसेल तर बोट सुटणार नाही. हे कडू लागेल, माहीत आहे. पण फोन कितीही चांगला झाला तरी किनाऱ्यापासून थोडे आत गेले की तो खेळणे होतो. चॅनल १६ तटरक्षक दल ऐकत असते, मोबाईलची रेंज असो वा नसो.

याच संदर्भात ट्रान्सपाँडरचेही सांगतो. इस्रोच्या तंत्रावर चालणारी ही यंत्रे देशभरातल्या एक लाख बोटींवर बसवायच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. मोबाईलची रेंज नसताना उपग्रहावरून दोन्ही बाजूंनी छोटे मेसेज जातात. ज्यांनी अजून खात्याकडे अर्ज केलेला नाही, त्यांनी ऑफिसात यावे, आम्ही भरून देतो. ‘आपण कुठे मासळी मारतो ते सरकारला कळेल’ म्हणून काही मालक मागे राहतात. दादांनो, जागा लपवायचीच असेल तर ती शेजारच्या बोटीपासून लपवा, वाचवायला येणाऱ्यापासून नको.

खर्चाचे काय

बॅटरी, इन्व्हर्टर, साधा फोन, रंग, सगळे मिळून एका मध्यम ट्रॉलरच्या एका फेरीच्या डिझेलपेक्षा कमीच जाईल. नेमका आकडा तीन दुकानांची कोटेशने घेऊन सभेपुढे ठेवू. बर्फाच्या लादीमागे थोडे पैसे वाढवून तो वसूल करावा की राखीव निधीतून काढावा, हे सभेने ठरवावे. आमचे मत राखीव निधी. राखीव ठेवतात ते अशाच कामाला.

घरच्यांनाही एक विनंती. ज्या घरांतून माणूस दर्यावर जातो आणि ज्यांनी घरचा फोन फायबरवर नेला आहे, त्यांनी आज रात्री एक करून बघावे. मेन स्विच बंद करा आणि मोबाईलवरून घरचा नंबर लावा. वाजला नाही तर उद्या यूपीएस आणा. आणि घरात एकाच्या तरी मोबाईलचा साधा रिंगटोन रात्री चालू ठेवा. नेट बंद करून झोपा हवे तर, फोन बंद करून झोपू नका.

त्या रात्री जी बाय पावसात चालत आली, तिला आम्ही दुसऱ्या दिवशी विचारले, मेसेज कसा दिसला तुला? ती म्हणाली, ‘ते दर्यावर असतात तेव्हा मी फोन उशाशी ठेवते. आधी घरात फोन नव्हता तेव्हा दार उघडे ठेवायचे.’

सोसायटीनेही तेवढेच करायचे आहे. सभेला या. शेवटपर्यंत बसा.

आपला,
सेक्रेटरी, सोसायटीच्या कार्यालयातून